लेस पॉल गिटार: नाव एकाचे, रचना अनेकांची आणि मोडणारी मान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत लेस पॉल यांच्यावर आलेले टिपण वाचले. एका गिटारवादकासाठी मराठी दैनिकाने एवढी जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. त्यातली दोन विधाने मात्र दुरुस्त व्हायला हवीत. इलेक्ट्रिक गिटारचा शोध लेस पॉल यांनी लावला, हे एक. त्यांच्या नावाची, गिब्सन या अमेरिकी कंपनीची गिटार त्यांनी स्वतः घडवली, हे दुसरे. नुसती इतिहासाची दुरुस्ती असती तर चार ओळींत आटोपली असती. पण या गिटारचा कुठला भाग कुणी आणि कुठल्या अडचणीवर उपाय म्हणून केला हे कळले, की ती कुठे मोडते, कशाने सुरातून उतरते आणि का गुणगुणते हेही उलगडते. लग्नाचे ऑर्केस्ट्रा, कॉलेजचे बँड, नवापूर-नंदुरबारकडच्या चर्चमधली गायन मंडळे यांच्याकडे खानदेशात आज या आकाराच्या गिटार बऱ्याच आहेत. अस्सल गिब्सन विरळा, गिब्सनच्याच मालकीच्या एपिफोन आणि नकलाच जास्त. दुखणी मात्र सगळ्यांची सारखी. म्हणून पत्र लांबले तरी सवडीने छापावे, ही विनंती.

आधी माणसाबद्दल. लेस्टर विल्यम पोल्सफस यांचा जन्म ९ जून १९१५ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉकेशा येथे झाला. पुढे ते लेस पॉल या नावाने ओळखले गेले. ऑगस्ट २००९ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी ते वारले. ते तरुणपणी हातात गिटार घेऊन प्रयोग करत होते तेव्हा विजेवर वाजणारी गिटार बाजारात येऊन चुकली होती. जॉर्ज बोशां आणि अॅडॉल्फ रिकेनबॅकर यांची, तव्याच्या आकारामुळे ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली जाणारी गिटार १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची. गिब्सननेही १९३६ मध्ये पिकअप (तारेचे कंपन विजेत बदलणारे चुंबकी वेटोळे) लावलेली पोकळ गिटार विकायला काढली होती. लेस पॉल यांच्यासमोरचा प्रश्न पुढचा होता. पोकळ गिटारचा आवाज अँप्लिफायरवर वाढवला की स्पीकरचा आवाज तिच्या पातळ फळ्या पुन्हा हलवतो, त्या फळ्या तार हलवतात, तार पिकअपला डिवचते आणि हूँऽऽ असा घोष सुरू होतो. शिवाय फळी हलली की तारेची शक्ती फळीत जिरते आणि स्वर लवकर मरतो.

यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘लॉग’. न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या (ती तेव्हा वेगळी कंपनी होती) कारखान्यात सुटीच्या दिवशी, १९४० च्या सुमारास, त्यांनी साधारण चार इंची चौरस पाइनचा ओंडका घेतला, त्याला गिटारची मान जोडली आणि पिकअप बसवले. लोकांना गिटार दिसावी म्हणून एका पोकळ गिटारचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंना डकवले. ते पंख काढले तरी आवाज तोच. भरीव लाकडाचे महत्त्व त्यांनी अशा रीतीने हाताने सिद्ध केले. गिब्सनकडे ही कल्पना नेली तेव्हा कंपनीने ती नाकारली.

मग १९५० मध्ये लिओ फेंडर यांची भरीव गिटार बाजारात आली, खपू लागली आणि गिब्सनला जाग आली. टेड मॅकार्टी तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. मिशिगनमधल्या कॅलमझू येथील कारखान्यात भरीव गिटार तयार होऊ लागली, आणि तिच्यावर नाव घालण्यासाठी त्या काळचे अमेरिकेतले सर्वात गाजलेले गिटारवादक निवडले गेले. १९५१ मध्ये लेस पॉल आणि त्यांच्या पत्नी मेरी फोर्ड यांचे गाणे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, यावरून त्या नावाचे वजन लक्षात येईल. गिटार १९५२ मध्ये २१० डॉलरला विक्रीस आली. रचना बहुतांशी कारखान्यात आधीच ठरली होती, असे मॅकार्टी सांगत. लेस पॉल स्वतःचा वाटा मोठा सांगत. दोघांच्या सांगण्यात फरक आहे, पण सोनेरी रंग आणि पहिला टेलपीस, म्हणजे तारांची खालची टोके अडकवायचा भाग, हे लेस पॉल यांचे, याबद्दल फारसा वाद नाही. महोगनीच्या अंगावर मेपलची कोरीव, मधे फुगीर टोपी हे काम मात्र कोरीव गिटार घडवण्यात मुरलेल्या कारखान्याचे आहे. तशी फुगीर फळी कोरायची यंत्रे आणि कारागीर फेंडरकडे नव्हते.

त्या पहिल्या टेलपीसमध्ये गडबड होती. मान अंगाला जोडताना जो मागचा कल ठेवावा लागतो तो फार कमी ठेवला गेला. त्यामुळे तारा ब्रिजच्या, म्हणजे अंगावर तारांना टेकू देणाऱ्या भागाच्या, दांडीवरून न जाता खालून गुंडाळाव्या लागल्या. तारांवर तळहाताची कड टेकवून दबका आवाज काढणे वादकाला जमेना. पुढच्या दीड-दोन वर्षांत मानेचा कल वाढवला आणि दोन खिळ्यांवर बसणारी, वरून तार गुंडाळायची दांडी आली. १९५४ मध्ये काळ्या ‘कस्टम’ या नव्या प्रकारावर मॅकार्टी यांचा ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज आला. त्यात सहाही तारांचे घोडे, म्हणजे टेकू, वेगवेगळे पुढेमागे सरकतात. १९५७ मध्ये गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांचा दोन वेटोळ्यांचा हमबकर पिकअप आला. आज लोकांच्या डोळ्यांसमोर येते ती गिटार ही, पाच वर्षे चुका दुरुस्त करत अनेकांनी घडवलेली. एक गंमत त्यातही आहे. हमबकरच्या पाठीवर आधी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी असे. पेटंट मिळाल्यावर पुढे चिठ्ठीवर जो क्रमांक छापला गेला तो सेथ लव्हर यांच्या पिकअपचा नव्हता, तर लेस पॉल यांच्या त्या जुन्या टेलपीसचा होता.

खप घसरला म्हणून १९६१ मध्ये आकार बदलून दोन शिंगांची पातळ गिटार काढली. ती लेस पॉल यांना आवडली नाही, थोड्याच काळात त्यांचे नावही उतरले. ब्रिटनमधल्या एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्या वादकांनी जुन्या गिटार मोठ्या आवाजाच्या अँप्लिफायरला जोडून नवा नाद काढला, मागणी वाढली आणि १९६८ मध्ये जुना आकार परत आला.

आता दुखण्यांकडे वळतो.

या गिटारचे सर्वात मोठे दुखणे म्हणजे मानेचा वरचा सांधा, जिथे नट (तारा ज्या खाचांत टेकतात ती वरची पट्टी) संपतो आणि खुंट्यांचे डोके सुरू होते. गिब्सनमध्ये डोके साधारण १७ अंशांनी मागे कललेले असते. हेतू चांगला आहे, तार नटवर घट्ट दाबून बसते. पण मान आणि डोके एकाच महोगनीच्या तुकड्यातून कापलेले असल्यामुळे मानेतून सरळ आलेले लाकडाचे धागे डोक्याच्या कलाशी तिरपे तुटतात. ओंडका धाग्याच्या रेषेत कुऱ्हाडीने सहज फाटतो, तसेच हे डोके धाग्याच्या रेषेत फाटते. त्याच जागी ट्रस रॉडचा, म्हणजे मानेची वाक आवरणाऱ्या आतल्या पोलादी गजाचा, नट फिरवता यावा म्हणून लाकूड कोरून खळगा केलेला असतो, म्हणजे जिथे सर्वात जास्त लाकूड हवे तिथेच ते कमी. त्यावर ०.०१० ते ०.०४६ इंची तारांचा मिळून सुमारे ४३-४४ किलोचा ताण कायम. गिटारचे वजनही चार-साडेचार किलो. अशी गिटार पाठीवर पडली की अंग थांबते, खुंट्यांनी जड झालेले डोके थांबत नाही. फेंडरच्या गिटारचे डोके कललेले नसते आणि लाकूड मेपलचे असते, म्हणून ती पडून सहसा अशी मोडत नाही. १९७० च्या दशकात गिब्सनने सांध्यामागे लाकडाचा उंचवटा ठेवायला सुरुवात केली होती, पुढे तो बंद केला. आमच्या मते तो ठेवायला हवा होता. बोटाला किंचित लागला असता, पण कित्येक माना वाचल्या असत्या.

मोडण्याची कारणे फार थोडी आणि नेहमीची आहेत. भिंतीला टेकवून ठेवलेली गिटार सरकते. पट्ट्याचे बटण छोटे असते आणि वापरून पट्ट्याचे भोक सैल झालेले असते, त्यामुळे पट्टा वाजवतानाच निसटतो. ‘छोटा हत्ती’त स्पीकरच्या खोक्यांवर कापडी पिशवीतली गिटार आडवी टाकतात आणि गतिरोधकावर खोका उडतो. यावरचे उपाय स्वस्त आहेत. बटणावर पट्टा चढवल्यावर वरून जाड रबरी वायसर बसवावा किंवा कुलपाचे बटण लावावे. बटणाचा स्क्रू सैल झाला असेल तर भोकात लाकडी काडी गोंद लावून ठोकावी, वाळल्यावर नवे बारीक भोक पाडून स्क्रू बसवावा. नुसता जाड स्क्रू घातला तर लाकूड चिरते. प्रवासात कडक पेटी वापरावी आणि पेटीत गिटारचा भार मानेखालच्या गादीवर यावा. डोक्याची पाठ पेटीच्या तळाला टेकता कामा नये. ती टेकत असेल तर पेटी पडली की धक्का थेट सांध्यावर येतो. मानेखाली घडी केलेला टॉवेल घालून डोके अधांतरी ठेवावे आणि दोन्ही बाजूंना मऊ कापड असे बसवावे की डोके डुलणार नाही. लांबच्या प्रवासाला निघताना सगळ्या तारा दोन स्वर उतरवाव्यात.

तरीही मोडलीच, तर पहिली गोष्ट तारा लगेच पूर्ण सैल करणे. तुकडा डोक्यावरच्या पातळ पापुद्र्याने लटकत असेल तर तो ओढून वेगळा करू नये. तो पापुद्रा दोन्ही भाग अचूक जागेवर आणणारी बिजागरीच असते. पडलेल्या किरच्या कागदात जपून ठेवाव्यात. फेविक्विक सारखा झटपट गोंद टाकू नये. तो धाग्यांत शिरून काचेसारखा घट्ट होतो आणि नंतर खरा गोंद आत जायला जागा उरत नाही. फर्निचरचा पांढरा सुतारी गोंद सतत ताणाखाली हळूहळू सरकतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकर. एपॉक्सी टिकते, पण तिचा जाड थर राहतो आणि पुढे कधी सांधा उघडायचा म्हटला तर लाकूडच फाटते. ताज्या आणि स्वच्छ मोडीसाठी गरम सरस किंवा पिवळा अॅलिफॅटिक गोंद वापरावा. १९५० च्या दशकातले मूळ सांधेही सरसाचेच आहेत.

काम असे करावे. ट्रस रॉडचे झाकण काढून नट सैल करावा, त्याच्या आट्यांना मेण चोळावे, म्हणजे गोंद आत गेला तरी आटे जाम होणार नाहीत. गोंद न लावता एकदा सगळे क्लॅम्प लावून पाहावेत. चीर कुठे मिटत नाही हे तेव्हाच कळते. मग चीर हलकेच उघडून पातळ ब्रशने किंवा सिरिंजने दोन्ही पृष्ठांवर गोंद पोहोचवावा. पुढून सपाट फळी, मागून मानेच्या वळणाबरहुकूम कोरलेला ठोकळा, दोन्हींना मेणकागद लावून दोन-तीन सी-क्लॅम्प आवळावेत. दाब एवढाच की बारीक थेंब बाहेर येतील. सगळा गोंद पिळून निघाला तर सांधा कोरडा राहतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसावा. चोवीस तास क्लॅम्प, त्यानंतर तीन-चार दिवस तारांशिवाय विश्रांती. मोड लांब आणि तिरपी असेल, म्हणजे चिकटणारे पृष्ठ चार-पाच सेंटिमीटरहून लांब असेल, तर एवढ्यावर काम भागते आणि सांधा मूळ लाकडाइतका मजबूत होतो. मोड आखूड आणि आडवी असेल किंवा आधी कुणी चुकीच्या गोंदाने जोडून पुन्हा तुटली असेल, तर मागच्या बाजूने चीर ओलांडून जाणाऱ्या दोन समांतर खाचा काढून त्यांत महोगनीच्या सहा-सात मिलिमीटर रुंद पट्ट्या बसवाव्या लागतात. पट्टीचा धागा मानेच्या लांबीशी समांतर हवा. इथे काही सुतार सागवान वापरतात. ते चालते, पण सागात तेल असते, म्हणून गोंद लावण्याच्या अगदी आधी चिकटणारी बाजू थिनरने पुसली पाहिजे, नाहीतर गोंद वरच राहतो.

दुसरे दुखणे आपल्या हवेचे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी असते. दीड महिन्यात पाऊस सुरू होऊन तीच हवा दमट होते. लाकूड धाग्याच्या आडव्या दिशेने आकसते आणि फुगते, मानेवरच्या आडव्या पट्ट्यांचे, म्हणजे फ्रेटचे, धातू मात्र तेवढेच राहते. म्हणून उन्हाळ्यात मानेच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोके टोचू लागतात. घाईने कानस मारू नये. आधी गिटार आठवडाभर ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवावी, मग जे टोक उरेल तेवढेच घासावे. साधा आर्द्रतामापक फार महाग नसतो, तो पेटीत ठेवावा. खानदेशात घरोघरी कूलर असतो आणि कूलरच्या खोलीत आर्द्रता आपोआप वाढते, ही चांगली बाजू. पण कूलरच्या थेट झोतात गिटार ठेवली तर तारा गंजतात. थंड हॉलमधून गिटार एकदम उन्हात आणली तर लाखेच्या थराला केसासारख्या चिरा पडतात, म्हणून पेटी बंद ठेवून अर्धा तास तिला बाहेरच्या हवेची सवय होऊ द्यावी. उन्हात बंद केलेल्या गाडीत गिटार ठेवणे सर्वात वाईट. तिथले तापमान ६० अंशांच्या पुढे जाते आणि त्या पुढे बहुतेक सुतारी गोंद मऊ पडू लागतात. तारांचा ताण चालूच असतो, मग मानेचा सांधा सरकतो किंवा फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवर चिकटवलेली बोटांची फळी, उकलतो. फिंगरबोर्ड अनेक दशके आपल्याच भारतीय शिसवीची असते. त्या लाकडावरून ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापेही घातले होते. ही शिसवी कोरडी पांढुरकी दिसली तर वर्षातून एकदा-दोनदा खनिज तेलाचे चार थेंब पुरेत. खोबरेल लावू नये, ते खवट होऊन फ्रेटच्या कडेला मळ धरते.

ऋतू बदलला की मानेची वाकही बदलते. ती मोजल्याशिवाय ट्रस रॉडला हात लावू नये. नव्या तारा लावून सुरात घ्याव्यात, पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावावा, मान अंगाला मिळते तिथल्या फ्रेटवर जाड तार दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फिलर गेजने (मोजक्या जाडीच्या पातींनी) फट पाहावी. पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. जास्त असेल तर ट्रस रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव आटा, मग सूर पुन्हा लावून थांबावे. नट जड लागला तर जोर करू नये. रॉड तुटला तर फिंगरबोर्ड उचलूनच दुरुस्ती होते. वाक ठीक झाल्यावर बाराव्या फ्रेटवर बारीक तारेची उंची दीड आणि जाड तारेची दोन मिलिमीटर ठेवावी. ब्रिजची चाके फिरवताना तारा आधी सैल कराव्यात. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) ट्यूनरवर जुळवावा. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडा मागे, उतरता असेल तर पुढे. स्वस्त नकलांत ब्रिजचे ओतीव धातू काही वर्षांत मधोमध खचते आणि मधल्या दोन तारा झणझणतात. अशा वेळी मान वाकवत बसू नये, ब्रिज बदलावा.

‘गिटार सुरात राहत नाही’ म्हणून खुंट्या बदलणारे बरेच भेटतात. बहुतेक वेळा दोष वरच्या खाचांच्या नटमध्ये असतो. तीन-तीन खुंट्यांच्या डोक्यात डी आणि जी या मधल्या तारा नट ओलांडताच बाजूला वळतात, त्यातच डोक्याच्या कलामुळे खाली दबतात. खाच अरुंद असेल तर तार त्यात अडकते, ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. खाचेचा मागचा भाग खुंटीच्या दिशेने किंचित वळवून घासावा, खाच तारेपेक्षा केसभर रुंद ठेवावी, आत मऊ पेन्सिलचे शिसे भरावे. बस.

लेस पॉल यांच्या खऱ्या थोरवीबद्दल आपल्या टिपणात एकच वाक्य होते, ते खटकले. ध्वनिमुद्रणात त्यांनी जे केले त्यावर आजची सगळी गाणी उभी आहेत. तबकड्यांवर एकावर एक गिटार चढवून त्यांनी केलेले ध्वनिमुद्रण १९४८ मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी मोटारीच्या अपघातात उजवे कोपर चुरडले, तेव्हा हात कायमचा वाकलेला बसवायचा तर गिटार धरता येईल अशाच कोनात बसवा, असे त्यांनी डॉक्टरांना सांगितले आणि तसेच झाले. पुढे गायक बिंग क्रॉस्बी यांनी दिलेल्या अँपेक्स कंपनीच्या टेपयंत्रात त्यांनी पुसणाऱ्या हेडच्या आधी आणखी एक हेड बसवले. जुना आवाज त्यातून वाचला जाई, नव्या वादनात मिसळे आणि त्याच टेपवर पुन्हा उमटे. मागचे पुसले जात असल्याने शेवटच्या थरात चूक झाली तर सगळे पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक थराबरोबर खरखर वाढे, म्हणून कमी महत्त्वाचे भाग आधी आणि मुख्य आवाज शेवटी, असा क्रम त्यांनी ठेवला. १९५७ मध्ये त्यांच्यासाठी अँपेक्सने आठ ट्रॅकचे यंत्र बनवले आणि ही कसरत संपली. आज धुळे-जळगावातल्या छोट्या स्टुडिओंत अहिराणी गाणी लॅपटॉपवर ट्रॅक मांडून होतात, त्याची वंशावळ इथे पोहोचते.

उरला प्रश्न विजेचा, आणि मंडपात काम करणाऱ्यांसाठी तो सर्वात गंभीर आहे. १९५२ च्या गिटारमधले पी-९० पिकअप एका वेटोळ्याचे. असे वेटोळे तारेबरोबर आसपासच्या विजेचाही आवाज पकडते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर येते. जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा, म्हणजे गुणगुण बरोबर त्याच्या अंगावर बसते. हमबकरमध्ये दोन वेटोळी उलट दिशेने गुंडाळलेली आणि चुंबकाचे ध्रुवही उलट असतात. विजेचा आवाज दोन्हींत विरुद्ध येऊन मरतो, तारेचा आवाज जुळून वाढतो. मंडपातल्या दिव्यांच्या डिमरशेजारी एका वेटोळ्याच्या गिटारपेक्षा हमबकर केव्हाही बरा.

तारेला हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर गिटार ठीक आहे. हात लावल्यावर फरक पडला नाही किंवा ती वाढली तर टेलपीसच्या खिळ्याकडे जाणारी अर्थिंगची वायर तुटली आहे किंवा जॅकच्या (केबल खुपसायच्या तोंडाच्या) दोन वायरी उलट जोडल्या आहेत. जॅकचा बाहेरचा नट सैल होऊन जॅक आतल्या आत फिरतो आणि वायरी पीळ पडून तुटतात, हे फार आढळते. नट आवळताना आतला जॅक धरून ठेवावा. जॅकभोवतीची प्लास्टिकची पट्टी तडकते, तिच्या जागी धातूची लावावी. पिकअप निवडायचा स्विच मधे असताना एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दोन्ही पिकअप बंद पडतात, हा दोष नाही, जोडणीच तशी आहे. पंधरा मीटरची केबल लावली की आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा होतो, कारण दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड विद्युत धारिता जोडली जाते आणि वरचे स्वर तिथे गळतात. लेस पॉल यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून ते कमी इंपीडन्सच्या (विजेला कमी अडथळा करणाऱ्या) पिकअपचा आग्रह धरत आणि १९६९ नंतर गिब्सनने तशा गिटार काढल्याही. त्या फारशा खपल्या नाहीत. आपल्यासाठी सोपा मार्ग म्हणजे गिटारपासून सहा मीटरच्या आत बफर पेडल किंवा डीआय बॉक्स (दोन्ही लांब केबलला पेलेल असा सिग्नल करणारी उपकरणे), पुढे हवी तेवढी लांब केबल.

गिटारच्या तारा अँप्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरच्या अर्थिंगला. दोघांची अर्थिंग वेगळी किंवा तुटलेली असेल तर वादकाचा हात आणि ओठ यांच्यामध्ये पूर्ण दाबाची वीज येऊ शकते. गुणगुण जावी म्हणून तीन पिनच्या प्लगची जाड पिन काढून टाकणे हा जिवाशी खेळ आहे, तो कुठल्याही ऑर्केस्ट्राने थांबवावा. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तशी अर्थच्या खड्ड्यातली मातीही वाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. लग्नसराईत आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात पाणी ओतणे मंगल कार्यालयांनी नेमाचे करावे. अँप्लिफायर आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्यावेत, बोर्डला ३० मिलिअँपियरचे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे बटण) असावे. वादक स्टेजवर जाण्यापूर्वी ध्वनिव्यवस्थावाल्याने मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला टेकवावे. एक-दोन व्होल्टच्या वर काहीही दिसले तर वादन सुरू करू नये, आधी अर्थिंगचा दोष शोधावा. ही तपासणी मेन लाइनवर एकदा आणि जनरेटर चालू करून पुन्हा एकदा करावी. भाड्याच्या जनरेटरला अनेकदा जमिनीत ठोकलेला अर्थचा गजच नसतो, आणि लाइट जाते ती नेमकी कार्यक्रम रंगात आल्यावर.

आपले,
गिटार दुरुस्ती व ध्वनिव्यवस्थेचे काम करणारे काही वाचक,
जळगाव